जात चोरणारी कोण? हॉलिवूडची मिश्रवंशीय स्त्री आणि रक्ताचा कायदा

'जात चोरणे' हा मराठी शब्दप्रयोग आपल्या समाजाने जितका भोगला तितका दुसऱ्या कुणी भोगला नसेल. बाबुराव बागूल यांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला 'जेव्हा मी जात चोरली होती' हेच नाव दिले. शीर्षककथेतला तरुण परगावी नोकरीला जातो, राहायला जागा मिळावी म्हणून जात सांगत नाही आणि ती उघड झाल्यावर मार खातो. चोरणे म्हणजे इथे लपवणे, जशी आपण नजर चोरतो तसे. पण चोरीचा ठपका त्या शब्दाला चिकटलेला आहेच. माणसासारखे राहायला एक खोली घेतली, तर त्यात नेमके कुणाचे काय चोरीला गेले, हा प्रश्न त्या शीर्षकातून उभा राहतो.

अमेरिकेत याच प्रकाराला 'पासिंग' म्हणतात. कायद्याने काळी ठरलेली, पण दिसायला गोरी असलेली व्यक्ती गोरी म्हणून वावरते, त्यासाठी हा शब्द आहे. हॉलिवूडने या विषयावर अनेक दशके चित्रपट काढले. बहुतेक चित्रपटांत एक मिश्रवंशीय तरुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली जाते, तिला रडवले जाते, तिच्याकडून पश्चात्ताप करून घेतला जातो. ज्यांनी ती रेष आखली त्यांना मात्र कुणी साक्षीलासुद्धा बोलावत नाही. आरोपी चुकीचा निवडला की निकालही चुकीचाच लागतो, हे या लेखात दाखवायचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वंश आणि जात एक नव्हेत. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ सालीच सांगितले आहे की जातीमुळे वंशाची विभागणी होत नाही. एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी म्हणजे जात. त्यामुळे अमेरिकेतला काळा म्हणजे इथला दलित, असे सरसकट समीकरण मी मांडत नाही. पण रेष टिकवण्याचे यंत्र दोन्हीकडे सारखे आहे, आणि ते यंत्र म्हणजे लग्नावरचा ताबा.

पडद्याआधी कायदा

व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली एक कायदा केला. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल, असे त्यात लिहिले होते. इंग्रजांच्या परंपरेत मूल बापाचे मानले जाई; इथे ती परंपरा मुद्दाम उलटी केली. कारण साधे होते. गोऱ्या मालकाने गुलाम स्त्रीवर बलात्कार केला आणि मूल झाले, तर ते मूल त्याचा वारस होणार नव्हते, त्याच्या मालमत्तेत आणखी एक गुलाम वाढणार होता. अमेरिकेतल्या मिश्रवंशीय समाजाचा मोठा भाग या हिंसेतून जन्माला आला आहे.

गुलामगिरी संपल्यावर रेष आणखी कडक झाली. होमर प्लेसी या लुइझियानातल्या माणसाच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते. १८९२ साली तो रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम बसला आणि त्याला अटक झाली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या डब्यांचा कायदा वैध ठरवला. पुढे व्हर्जिनियाने १९२४ साली 'वंशशुद्धी'चा कायदा करून रक्ताच्या एका थेंबाचा नियम जवळपास अक्षरशः लागू केला.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय ज्याने वाचला आहे, त्याला यात नवे काही वाटणार नाही. तिथे वर्णसंकराची भलीमोठी यादी आहे. कोणत्या वर्णाचा पुरुष, कोणत्या वर्णाची स्त्री, त्यांच्या संततीचे नाव काय आणि धंदा कोणता, सगळे ठरवलेले. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती म्हणजे चांडाळ, आणि त्याची वस्ती गावाबाहेर. 'रिडल्स इन हिंदुइझम'मधल्या एका प्रकरणात बाबासाहेबांनी या यादीची चिरफाड केली आहे. चांडाळांची संख्या एवढी मोठी आहे की सगळ्या ब्राह्मण स्त्रियांनी शूद्रांशी संबंध ठेवले असते तरी तिचा हिशेब लागला नसता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून रान पेटवले गेले. वर्णसंकराच्या या प्रकरणावर मात्र फारशी चर्चा झाली नाही. खरे तर आधीच बहिष्कृत केलेल्या समाजाला नंतर 'पापाची संतती' ठरवणारी कथा कशी रचली जाते, हे त्यातून कळते.

१९१५चे न्यूयॉर्क

मार्च १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरमध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' लागला. थॉमस डिक्सनच्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीवर तो बेतला होता. त्यात सायलस लिंच नावाचा मिश्रवंशीय पुढारी गोऱ्या नायिकेशी जबरदस्तीने लग्न करू पाहतो आणि कू क्लक्स क्लॅनचे घोडेस्वार तिला वाचवतात. लिडिया ही दुसरी मिश्रवंशीय व्यक्तिरेखा, एका गोऱ्या पुढाऱ्याच्या घरची कारभारीण, कारस्थानी आणि वासनांध दाखवली आहे. दोन्ही भूमिका गोऱ्या नटांनी रंग फासून केल्या. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी या चित्रपटाचा खेळ व्हाइट हाऊसमध्ये झाला. त्याच वर्षी क्लॅनची पुन्हा स्थापना झाली. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने ठिकठिकाणी निषेध केला.

इथे इतिहास उलटा उभा केला आहे. अडीचशे वर्षे गोऱ्या मालकांनी काळ्या स्त्रियांवर अत्याचार केले, आणि पडद्यावर मिश्रवंशीय पुरुष गोऱ्या स्त्रीवर झडप घालतो. मिश्र संतती हा मालकाच्या गुन्ह्याचा चालताबोलता पुरावा होता. म्हणून आधी त्या पुराव्यालाच गुन्हेगार केले गेले.

त्या काळात बाबासाहेब त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१६ रोजी, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीच्या बाहेर लग्न न करणे, म्हणजे अंतर्विवाह, हेच जातीचे खरे लक्षण आहे, असे त्यात त्यांनी मांडले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा म्हणजे ती रेष टिकवण्याची साधने आहेत, हेही सांगितले. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने लिहिलेला हा निबंध हॉलिवूडचे चित्रपट समजून घेण्यासाठीसुद्धा उपयोगी पडतो, ते पुढे दिसेल.

ग्रिफिथला पडद्यावरून उत्तर मिळाले ते कृष्णवर्णीय दिग्दर्शक ऑस्कर मिशो यांच्याकडून. त्यांच्या १९२० सालच्या 'विदिन अवर गेट्स'मध्ये सिल्व्हिया ही शिक्षिका नायिका आहे. तिला वाढवणाऱ्या आईवडिलांना गोरा जमाव फाशी देतो. त्याच वेळी एक गोरा माणूस तिच्यावर हात टाकतो आणि तिच्या छातीवरच्या व्रणावरून त्याला कळते की ही आपलीच मुलगी. मिश्र रक्त कुठून आले, हे मिशो यांनी एका प्रसंगात सांगून टाकले. या चित्रपटाची प्रत अनेक दशके बेपत्ता होती आणि शेवटी ती स्पेनमध्ये सापडली. ग्रिफिथच्या प्रती मात्र कधीच हरवल्या नाहीत.

थाळीपिठाची नव्हे, पॅनकेकची गोष्ट

१९३० साली हॉलिवूडच्या निर्मात्यांनी स्वतःसाठी आचारसंहिता केली आणि १९३४च्या मध्यापासून ती कडकपणे लागू झाली. गोऱ्या आणि काळ्या वंशातले लैंगिक संबंध दाखवायला तिच्यात बंदी होती. ही बंदी १९५६ साली उठली. म्हणजे वीस-बावीस वर्षे पडद्यावर मिश्रवंशीय माणूस दिसू शकत होता, पण तो जन्माला कसा आला हे दाखवता येत नव्हते.

याच काळातला गाजलेला चित्रपट म्हणजे जॉन स्टाल यांचा 'इमिटेशन ऑफ लाईफ' (१९३४). बी ही गोरी विधवा आणि डेलायला ही तिच्याकडे काम करणारी काळी स्त्री. दोघींना एकेक मुलगी. डेलायलाकडे पॅनकेकची घराण्यातली कृती आहे. बी त्या कृतीवर दुकान काढते, मग कारखाना, आणि श्रीमंत होते. पिठाच्या डब्यावर चेहरा डेलायलाचा, कंपनी बीची. डेलायलाला २० टक्के वाटा देऊ केला जातो, पण तिला वेगळे घर नको असते, बीची सेवाच करायची असते. रात्री झोपायला बी जिन्याने वर जाते आणि डेलायला खाली.

डेलायलाची मुलगी पिओला दिसायला गोरी आहे. ती शाळेत गोरी म्हणून बसते. एक दिवस आई वर्गात येते आणि सगळे उघड होते. मोठी झाल्यावर ती आईला ओळख दाखवायचे नाकारते. आई झुरून मरते आणि पिओला शवपेटीवर कोसळून रडते. प्रेक्षकही रडतात, आणि कृतघ्न मुलीला शिक्षा झाली असे समजून घरी जातात.

आता विचारू या, या गोष्टीत चोर कोण? कृती डेलायलाची, नफा बीचा. या व्यवहाराला चित्रपट मैत्री म्हणतो. पिओला मात्र फक्त शाळेत बसू आणि नोकरी करू पाहते, तर ती आईची गुन्हेगार ठरते. शाळेत गोऱ्यांसारखी वागणूक मिळायला गोरे का असावे लागते, हा पिओलाचा प्रश्न होता. चित्रपटाने तो आई-मुलीच्या भांडणात बुडवला. कवी आणि समीक्षक स्टर्लिंग ब्राऊन यांनी तेव्हाच, १९३५ साली, या चित्रपटाचा समाचार घेतला होता. दोन रक्तांच्या ओढाताणीत झुरणारी मिश्रवंशीय स्त्री, म्हणजे 'शोकांत मुलाटो', हा गोऱ्या लेखकांनी घडवलेला साचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. दुःखाचे मूळ रक्तात आहे असे म्हटले की कायद्याला हात लावावा लागत नाही.

आचारसंहितेचे काम पाहणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाला एवढाही चित्रपट सहन होत नव्हता. त्यात एकही गोरे-काळे जोडपे नाही. तरी पिओलाचा चेहराच त्यांना आक्षेपार्ह वाटला, कारण तो चेहरा मागच्या पिढ्यांत काय घडले ते सांगत होता.

पिओलाची भूमिका फ्रेडी वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली. तिचा रंग उजळ, डोळे हिरवे. आदल्याच वर्षी 'द एम्परर जोन्स'मध्ये पॉल रोबसन यांच्यासोबतच्या प्रसंगात ती गोरी वाटू नये म्हणून तिचा चेहरा मेकअपने काळा केला गेला होता. गोरी म्हणून वावरलीस तर मोठी नटी होशील, असे तिला अनेकांनी सुचवले. तिने ठाम नकार दिला. १९३७ साली तिने इतरांसोबत निग्रो ॲक्टर्स गिल्ड उभे केले, पुढे 'पीपल्स व्हॉइस' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात नाट्य-चित्रपटांवर लिहिले. पडद्यावर जी भूमिका तिने केली, त्याच्या बरोबर उलटे आयुष्य ती जगली. हॉलिवूडने तिला नंतर फारसे काम दिले नाही.

भूमिका मिश्रवंशीय, नटी गोरी

पुढच्या काळात तर मिश्रवंशीय भूमिकेसाठी मिश्रवंशीय नटीचीसुद्धा गरज उरली नाही. एलिया कझान यांच्या 'पिंकी'मध्ये (१९४९) जीन क्रेन ही गोरी अभिनेत्री होती. कारण नायिकेचा प्रियकर गोरा डॉक्टर होता, आणि खऱ्या काळ्या नटीने गोऱ्या नटाला मिठी मारलेली चालणार नव्हती. म्हणजे रेष ओलांडणाऱ्या स्त्रीची गोष्ट सांगतानाही रेष पाळली गेली. तरीही टेक्सासमधल्या मार्शल गावाने या चित्रपटावर बंदी घातली आणि तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५२ साली थिएटरचालकाची शिक्षा रद्द झाली.

१९५१च्या 'शो बोट'मध्ये ज्युली ही मिश्रवंशीय गायिका आहे. लीना हॉर्न या कृष्णवर्णीय गायिका-अभिनेत्रीला ती भूमिका हवी होती. मिळाली एव्हा गार्डनरला. याच एव्हा गार्डनरने १९५६ साली 'भवानी जंक्शन'मध्ये व्हिक्टोरिया जोन्स ही अँग्लो-इंडियन तरुणी रंगवली. अमेरिकेतली असो की हिंदुस्थानातली, मिश्र रक्ताची स्त्री म्हटले की हॉलिवूडला गोरी नटीच आठवत होती. १९५९ साली डग्लस सर्क यांनी 'इमिटेशन ऑफ लाईफ' पुन्हा काढला, तेव्हा मुलीची भूमिका सुझन कोहनरकडे गेली. तिची आई मेक्सिकन अभिनेत्री, वडील युरोपातून आलेले ज्यू निर्माते.

खऱ्या मिश्रवंशीय नटीला मग पर्याय काय होता? त्याचे उत्तर आपल्या मुंबईत आहे. मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मली. हॉलिवूडमध्ये तिचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात झाला असे जाहीर केले गेले आणि ती आयुष्यभर तेच सांगत राहिली. 'द डार्क एंजल'साठी (१९३५) तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. १९३९ साली 'वुदरिंग हाइट्स'मध्ये ती कॅथी झाली. मूळ कादंबरीत हीथक्लिफ सावळा आहे, त्याची भूमिका लॉरेन्स ऑलिव्हिएने केली. आणि मुंबईची मिश्रवंशीय मुलगी गोरी नायिका झाली. १९७९ साली ती वारली. मुंबईतल्या जन्माची नोंद नंतर जगासमोर आली. ज्या स्त्रीला खरी आई कोण हेसुद्धा जगाला सांगता आले नाही, तिला खोटारडी म्हणणे सोपे आहे. पण खरे सांगितले असते तर तिला कॅथी होऊ दिले असते का?

स्त्रीच का?

पिओला, पिंकी, ज्युली, व्हिक्टोरिया. पासिंगच्या शोकांतिकेत बहुतेक वेळा स्त्रीच का दिसते? पुरुषही रेष ओलांडत होतेच. इथे बाबासाहेबांचा १९१६चा निबंध उपयोगी पडतो. अंतर्विवाह टिकवायचा तर स्त्रीच्या लग्नावर, देहावर आणि संततीवर पहारा लागतो. म्हणून पडद्यावरचा खरा प्रश्न 'ही कोण आहे' एवढाच नसतो. 'हिच्याशी लग्न केले तर मूल कोणाचे होईल' हा असतो. चित्रपटांचे शेवट तपासा. पिंकी गोऱ्या डॉक्टरला नकार देऊन आपल्या गावात सेवा करते. पिओला रडते. ज्युली दारूच्या आहारी जाते. मिश्रवंशीय नायिका लग्न करून, मुले होऊन, सुखाने नांदते आहे असे चित्र त्या काळात शोधावे लागते.

१२ जून १९६७ रोजी रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहबंदी रद्द केली. तोवर १६ राज्यांत ती बंदी शिल्लक होती. कायदा बदलला, आणि हळूहळू पडदाही बदलला. २०२१ साली रेबेका हॉल यांनी नेला लार्सन यांच्या १९२९च्या कादंबरीवर 'पासिंग' हा चित्रपट केला. हॉल यांच्या आईचे वडील स्वतः गोरे म्हणून वावरलेले कृष्णवर्णीय होते. या चित्रपटात दोन्ही मुख्य नट्या खरोखर मिश्रवंशीय आहेत, आणि रेष ओलांडणारीकडे गुन्हेगार म्हणून पाहिलेले नाही. जी रेषेच्या अलीकडे राहिली तिच्या मनातली ओढ आणि भीतीही त्यात दिसते. ज्यांच्या घरात हे घडले, त्यांच्या हातात कॅमेरा आला की फरक पडतो.

आपल्या घरातला हिशेब

व्हर्जिनियात मूल आईचे ठरवले, कारण त्यात गोऱ्या बापाचा फायदा होता. आपल्याकडे मूल बापाच्या जातीचे धरण्याची रीत आहे, कारण रेषेची मालकी पुरुषाकडे आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई नायका खटल्यात सांगितले की आंतरजातीय विवाहातले मूल आपोआप बापाच्या जातीचे धरता येणार नाही. ते कुठे वाढले, त्याने कोणता भेदभाव सोसला, हे पुराव्याने पाहावे लागेल. मुद्दा रक्ताचा नसून वागणुकीचा आहे, हे न्यायालयाने मान्य केले. आपल्या कार्यालयांतल्या टेबलांपर्यंत हा विचार अजून पुरता पोहोचलेला नाही.

आणि एक गोष्ट चळवळीतल्या माझ्या मित्रांसाठी. शहरात गेल्यावर आडनाव बदलणारा, घरमालकासमोर फोटोतले बाबासाहेब कपाटात ठेवणारा, अशा माणसाला आपण पटकन गद्दार म्हणतो. तसे म्हणताना आपण नकळत पिओलाचा चित्रपट पुन्हा काढत असतो. आरोपी तोच, निकाल तोच, आणि घरमालक पुन्हा सुटतो. आधी घरमालकाला पिंजऱ्यात उभे करा.

पण लपवण्याने मुक्ती मिळते असेही नाही. एकटा माणूस रेषेपलीकडे गेला तरी रेष जागेवर राहते, आणि तो रोज पकडले जाण्याच्या भीतीत जगतो. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली ती उघड्यावर, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांसह धम्म स्वीकारला तोही उघड्यावर. त्यांनी जात लपवली नाही, ती नाकारली. फ्रेडी वॉशिंग्टनने तिच्या परीने हेच केले.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा (२०१६) शेवट आठवा. आई-बाप मारले गेले आहेत आणि लहान मूल रक्तात पाय भिजवून चालत बाहेर जाते. त्याची जात कोणती, हे चित्रपट विचारत नाही. आपला समाज मात्र त्या मुलाला शाळेच्या पहिल्या दिवसापासून तेच विचारत राहणार आहे. त्या वेळी त्याने उत्तर काय द्यावे याची चिंता करण्यापेक्षा, विचारणाऱ्याला तो अधिकार दिला कुणी, हे आपण विचारायला शिकू या.

जय भीम!